सोसायटीचं वीजबिल आणि टँकर: सोलरच्या आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सूस भागात तुमची ९६ फ्लॅटची सोसायटी आहे, तीन विंग, प्रत्येकी अकरा मजले. तिन्ही विंगच्या कॉमन मीटरचा वापर मिळून महिन्याला सुमारे ५,४०० युनिट. एप्रिल-मेमध्ये दिवसाला पाच टँकर घ्यावे लागतात, प्रत्येकी १०,००० लिटरचे. शिवाय महापालिकेचं दिवसाआड थोडं पाणी आणि एक बोअर. कमिटीपुढे ४५ किलोवॅट सोलरचं कोटेशन आहे, आणि विक्रेता म्हणतो की महिनाअखेरीपर्यंत सही करा. सचिव म्हणून तुम्ही विचारता: सोलर आधी की पाणी आधी?

पाणी आधी. गेली बावीस वर्षं मी इमारतींचं वीज-पाण्याचं ऑडिट करतो आहे आणि या एका बाबतीत माझं मत कधी बदललेलं नाही. ही दोन बिलं वेगळी नाहीतच. वाया गेलेलं पाणी तुम्ही आधी टँकरवाल्याकडून विकत घेतलं, मग वीज जाळून अकराव्या मजल्याच्या वर चढवलं आणि तिथून गटारात सोडलं. एकाच लिटरचे पैसे दोनदा गेले.

तुमच्याच आकड्यांकडे बघा. ९६ फ्लॅट, घरटी साडेतीन माणसं धरली तर ३३६ माणसं. दरडोई दररोज १३५ लिटर हा आपल्याकडचा नेहमीचा मापदंड. त्या हिशोबाने तुम्हाला रोज ४५,००० लिटर पुरायला हवेत. तुम्ही नुसत्या टँकरचेच ५०,००० घेता! वर महापालिका आणि बोअर आहेच. सगळं मिळून ८०,०००च्या आसपास जात असेल, तर दरडोई २४० लिटर झाले. तुमच्या सभासदांची आंघोळ आणि धुणी इतरांच्या दुप्पट असतील असं मला वाटत नाही. म्हणजे एकतर एवढं पाणी आत येतच नाही, किंवा येतं आणि कुठेतरी निघून जातं. बहुतेक ठिकाणी दोन्ही असतं.

आत किती येतं, तिथून सुरुवात करू. अंडरग्राउंड टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. समजा ती ६ मीटर बाय ५ मीटर आहे, म्हणजे तळ ३० चौरस मीटरचा. १०,००० लिटर पाणी ओतलं की पातळी ३३ सेंटिमीटर चढलीच पाहिजे, यात वाद घालायला जागा नाही. टाकीत एक पट्टी कायमची लावून घ्या. टँकर यायच्या आधी पंप आणि महापालिकेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पातळी लिहायची, टँकर रिकामा झाला की पुन्हा लिहायची. एका सोसायटीत मी स्वतः उभं राहून सलग चार टँकर मोजले. पाणी २६ ते २८ सेंटिमीटरच चढत होतं. पावती १०,००० लिटरची आणि टाकीत पडत होते आठ हजारांच्या आसपास. तिथे कुणाशी भांडावं लागलं नाही. वॉचमनच्या वहीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने आखले आणि पावतीवर मोजलेले लिटर लिहायला लागले. पुढच्या आठवड्यापासून टँकर भरून यायला लागले.

महापालिकेच्या जोडणीवर समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसला असेल, तर त्याचं रीडिंगही रोज त्याच वहीत घ्या. पुण्यात घरगुती पाण्याचं बिल अजून वापराच्या मापाने येत नाही, पाणीपट्टी मालमत्ता कराच्या बिलातच भरली जाते. त्यामुळे त्या मीटरकडे कुणी बघत नाही. पण आपल्याला किती पाणी मिळतं हे महापालिकेला लेखी सांगायचं झालं, तर तुमच्याकडे तोच एक पुरावा असतो. बोअरच्या पाइपवर मात्र मीटर तुम्हालाच बसवावा लागेल. तो बसवा.

आता जातं कुठे ते बघू. याची चाचणी रात्रीच करायची. मध्यरात्री दीड वाजता पंप बंद, गच्चीच्या टाकीत येणारं पाणी बंद, आणि पातळीवर खडूने खूण. साडेचारला पुन्हा बघायचं. समजा टाकी ४ बाय ३ मीटरची आहे आणि पाणी ६ सेंटिमीटर उतरलं, म्हणजे तीन तासांत ७२० लिटर गेले. त्या विंगच्या ३२ घरांत त्या वेळात पंचवीस वेळा फ्लश झाला असं धरलं तरी २०० लिटर होतात. बाकीचे ५०० कुणी वापरलेले नाहीत, ते गळालेले आहेत. दिवसाचे झाले ४,०००, आणि तीन विंगचे मिळून १२,०००. तुमचा पाचवा टँकर तो हाच.

कोथरूडच्या एका सोसायटीतली रात्र माझ्या चांगली लक्षात आहे. गच्चीवरची पातळी उतरत नव्हती, म्हणजे घरांत गळती नव्हती, तरी पाण्याचा हिशोब लागत नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले एक काका टॉर्च घेऊन माझ्याबरोबर जागत होते. पहाटे वॉचमनने नेहमीप्रमाणे पंप लावला आणि आम्ही डक्टच्या, म्हणजे पाइप खाली उतरवायच्या उभ्या पोकळीच्या, दाराशी जाऊन उभे राहिलो. साधारण पाऊण तासाने आत पाणी पडायचा आवाज सुरू झाला. काकांनी टॉर्च मारली, तर एका चार इंची पाइपमधून पाणी थेट खाली चेंबरमध्ये कोसळत होतं. तो गच्चीच्या टाकीचा ओव्हरफ्लो होता. बांधतानाच तो डक्टच्या आत उतरवलेला असल्यामुळे बाहेरून कधी कुणाला दिसलाच नव्हता. पाण्याच्या पातळीबरोबर वर येणारा फ्लोट अडकलेला होता, आणि टाकी भरल्यावरही वॉचमन त्याच्या सवयीप्रमाणे आणखी चाळीस मिनिटांनी येऊन पंप बंद करायचा. रोज पहाटे असंच व्हायचं. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आणि आम्ही एजीएममध्ये कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बायकांवर ठराव केला.”

म्हणून तिन्ही गच्च्यांवर जाऊन ओव्हरफ्लोचा पाइप कुठे निघतो ते आधी बघा. तो उघड्यावर, पार्किंगमधून दिसेल असा पाडून घ्या. पंपाला लेव्हल कंट्रोलर बसवा, म्हणजे वरची टाकी भरली की पंप आपोआप बंद आणि खालची रिकामी झाली तरी बंद. एवढं काम एका दिवसाचं आहे.

रात्रीची गळती घरांतली निघाली तर दहापैकी आठ वेळा ती फ्लशच्या टाकीची असते. भिंतीत दडवलेल्या टाक्यांचा वॉशर झिजला की पाण्याची बारीक धार कमोडच्या मागच्या बाजूने सतत उतरत राहते. ना आवाज, ना ओल. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकायचे आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. खाली रंग उतरला तर वॉशर बदलायचा. हे घरोघरी पत्रक वाटून होत नाही. सोसायटीने एक प्लंबर दोन दिवस बसवावा, सगळे ९६ फ्लॅट फिरून घ्यावेत आणि वॉशरचे पैसे सोसायटीने द्यावेत. एक टँकर वाचला की ते वसूल होतात.

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला लावायची, पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी. तिच्याबद्दल लोक दोन टोकांची मतं घेऊन येतात. बेसिन आणि किचन सिंकच्या नळाला एरेटर जरूर लावा. एक लिटरचं भांडं पाच सेकंदांत भरत असेल, तर तो नळ मिनिटाला १२ लिटर सोडतो, आणि हात धुवायला ४ लिटर पुरतात. पण ज्या नळाखाली बादली भरतात तिथे लावू नका. बादलीला तेवढंच पाणी लागतं, फक्त वेळ तिप्पट जातो, मग लोक चिडून सगळेच एरेटर काढून टाकतात. खालच्या मजल्यांचा प्रश्न निराळा. तिथे वरच्या टाकीचा दाब तीन बारच्या पुढे जातो आणि नळ थोडा उघडला तरी फवारा येतो. दर चार-पाच मजल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. तुमच्याकडे तो असेलही, पण बंद पडलेला असण्याची शक्यता जास्त. जाळी साफ करून बघा.

गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतील, तर त्यांच्याकडेही पाण्याच्या नजरेने बघा. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एक इंची पाइपची लांबी तीस मीटर भरते आणि त्यात १५ लिटर थंड पाणी उभं असतं. गरम यायची वाट बघत प्रत्येक घर सकाळी ते सोडून देतं. पाइपवर इन्सुलेशन आणि पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप सकाळचे दोन तास चालवला की हे बरंचसं थांबतं. तोपर्यंत निदान ते थंड पाणी बादलीत धरायला सांगा.

पंपाचाही हिशोब करून बघा. १,००० लिटर पाणी एक मीटर उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे ०.००२७ युनिट लागतात. तुमची उंची आणि पाइपमधलं घर्षण धरून ४२ मीटर म्हणू, म्हणजे ०.११ युनिट. पंप आणि मोटर यांचं नुकसान धरून चांगला संच ०.२५ युनिटमध्ये १,००० लिटर चढवतो. मी मोजतो तेव्हा मात्र बहुतेक जुन्या सोसायट्यांत ०.५ च्या आसपास आकडा येतो. कारणं ठरलेली असतात: दोनदा-तीनदा रिवाइंडिंग केलेली मोटर, झिजलेला इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक), गळका फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाचा), किंवा गरजेपेक्षा मोठा पंप घेऊन पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून चालवणं. तुमच्या इलेक्ट्रिशियनला पंपाच्या लाइनवर सब-मीटर लावायला सांगा. टाकी किती भरली आणि युनिट किती पडले, यांचा भागाकार केला की पंपाची प्रकृती कळते.

रोज ८०,००० लिटर आणि दर हजारी अर्धा युनिट, म्हणजे महिन्याला १,२०० युनिट. तेच ५०,००० लिटरवर आलात आणि पंप सुधारला, तर ३७५. बघा, यातला जवळजवळ निम्मा फरक पंपाला हात न लावता, फक्त पाणी कमी उचलल्याने पडतो.

तुम्ही पाठवलेल्या यादीत पार्किंग आणि जिन्याच्या १२० ट्यूबलाइट अजून जुन्या, चोकवाल्या आहेत. चोकसकट प्रत्येकी ५० वॅट आणि दिवसाचे १६ तास, म्हणजे महिन्याला २,८८० युनिट. तुमच्या बिलाचा निम्म्याहून जास्त भाग हाच. २० वॅटच्या एलईडी आणि सेन्सर लावून सरासरी बारा तास जळतील असं केलं तर ८६४ उरतात. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही, या महिन्यात बदला. फक्त, रॅम्पवर आणि जिन्याच्या वळणावर सेन्सर लावताना जरा सढळ हाताने लावा. अंधारात कुणी ज्येष्ठ पडले तर वाचलेल्या विजेचा काही उपयोग नाही. लिफ्टचे ९०० आणि सीसीटीव्ही, गेट, क्लबहाउसचे ४२० युनिट आहेत तसे राहू द्या.

आता बेरीज करा. ३७५, ८६४, ९०० आणि ४२० मिळून २,५५९ युनिट. ५,४०० वरून निम्म्याच्याही खाली, आणि गच्चीवर अजून एकही पॅनेल नाही.

इथे बिल वाचता येणं महत्त्वाचं ठरतं. महावितरण सोसायटीच्या कॉमन वापराला घरगुती दरच लावतं आणि तो टप्प्याटप्प्याने चढतो: १००, ३००, ५०० आणि त्यापुढे. तुमच्या प्रत्येक मीटरचा वापर १,८०० युनिट आहे. त्यामुळे तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातलं असतं, आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही वाचतं. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून बचतीचा हिशोब करू नका. बचत त्यापेक्षा जास्त असते.

सोलरला हाच नियम उलट्या बाजूने लागतो. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, महिन्याचे १२०. विक्रेत्याने ५,४०० भागिले १२० केलं आणि ४५ किलोवॅट सांगितले. त्याचं गणित बरोबर आहे, पण ते आजच्या उधळपट्टीवर बेतलेलं आहे. वापर २,५५९ वर आला की २२ किलोवॅटच्या आत काम होतं. आणि प्रत्येक मीटर ३०० युनिटपर्यंत उतरवायचं ठरवलंत तर १४-१५ किलोवॅटच पुरतात, कारण त्याखालचे युनिट तसेही स्वस्त आहेत. ४५ बसवलेत तर निम्मी वीज ग्रिडमध्ये जाईल, आणि आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या युनिटना तुम्ही बिलात भरता तो दर मिळत नाही, खूपच कमी मिळतो. मी स्वतः तुमच्या जागी २० च्या आसपास थांबलो असतो.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटपर्यंत मिळणाऱ्या ७८,००० रुपयांशी त्याची गल्लत करू नका. काही विक्रेते ती गल्लत तशीच राहू देतात. अनुदान मोठं दिसतं म्हणून क्षमता वाढवायची नसते, कारण उरलेला खर्च सभासदांच्याच खिशातून जातो. करारापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या. तिन्ही विंग वेगळ्या मीटरवर असताना पॅनेल कोणत्या मीटरला जोडणार आणि उरलेल्या वीजेचं काय होणार, हे महावितरणच्या कार्यालयातून. त्या मीटरचा मंजूर भार किती आहे, कारण नेट मीटरिंगची (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीची) क्षमता त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर जबाबदारी कुणाची. पॅनेल धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही.

पावसाच्या पाण्याबद्दल. तिन्ही गच्च्या मिळून १,२०० चौरस मीटर आणि पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर पाचवा हिस्सा वाया जाऊनही सुमारे ६,७०,००० लिटर होतात, म्हणजे ६७ टँकर. पण हे पाणी जून ते सप्टेंबरमध्ये पडतं आणि तुम्हाला टँकर लागतात एप्रिल-मेमध्ये. तेवढं साठवायला टाकी नाही, तेव्हा ते जमिनीत मुरवायचं. आपल्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी फक्त भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं, त्यामुळे शेजारच्या सोसायटीचा बोअर भरला म्हणून तुमचा भरेलच असं नाही. पावसाळ्याआधी बोअरची पातळी मोजून ठेवा, जाणकार भूजलतज्ज्ञाला जागा दाखवा, आणि फक्त गच्चीचं पाणी फिल्टर लावून आत सोडा. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कदापि नाही. तेल आणि घाण एकदा खाली गेली की ती तुमच्याच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्यांच्या बोअरमध्ये जाते. पावसाळ्यात बाग आणि गाड्या धुणं मात्र याच पाण्यावर लगेच आणता येईल.

पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्य जलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के मालमत्ता करात सूट देते, पण यंत्रणा चालू असली पाहिजे. बंद पडलेल्या खड्ड्यावर सूट घेत राहणं ही शहराची फसवणूक आहे, आणि तपासणीत ती उघडी पडते.

एक गोष्ट बहुतेक कमिट्या सोडून देतात. सूस २०२१ मध्ये महापालिकेत आलं. या पट्ट्यातल्या अनेक इमारतींना परवानगी देताना, सार्वजनिक पाणी पोहोचेपर्यंत पाणी पुरवण्याची जबाबदारी बिल्डरकडून हमीपत्रावर घेतलेली आहे. तुमच्या बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये ते आहे का, हे माहिती अधिकारात अर्ज करून बघा. असेल तर टँकरचा गेल्या काही वर्षांचा खर्च हा तुमच्या मागणीचा विषय आहे, आणि तिथे तुमची मोजलेली वही उपयोगी पडेल.

सभासदांकडून पैसे कसे घ्यायचे हेही तुम्ही विचारलंय. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटच्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटला जातो. म्हणजे दोन माणसांच्या आणि सहा माणसांच्या सारख्याच फ्लॅटला सारखा आकार. घरोघरी मीटर लावायची मागणी रास्त आहे, पण तुमच्याकडे प्रत्येक फ्लॅटला तीन वेगवेगळ्या डक्टमधून पाणी येतं, म्हणजे २८८ मीटर लागतील. आज ते करू नका. तिन्ही विंगच्या टाक्यांच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य पाइपवर मीटर लावा आणि रोजचा आकडा लिफ्टशेजारी लिहा. कुठली विंग जास्त वापरते हे दिसलं की गळती शोधायला लोक आपणहून पुढे येतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. इलेक्ट्रिक गाड्या कॉमन मीटरवर चार्ज होत असतील तर मात्र त्यांना आजच वेगळा मीटर द्या, त्यात भिडस्तपणा नको.

पाणी कमी करताना त्याच्या शुद्धतेकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड आणि किरकटवाडीच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळले आणि संशय पाण्यावरच आला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. टँकर रिकामा झाल्यावर टाकीतल्या पाण्याचा क्लोरीन किटने तपासा, लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. अंडरग्राउंड टाकीलाही भेग आहे का बघा. येणं-जाणं बंद करून सहा तास पातळी तपासायची. टाकीला भेग असेल तर पाणी बाहेर जातंच, आणि पातळी उतरल्यावर शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत येऊ शकतं.

विक्रेत्याला कळवा की निर्णय तीन महिन्यांनी होईल आणि तेव्हा नवं कोटेशन लागेल. महिनाअखेरीची घाई त्याची आहे, तुमची नाही. येत्या शनिवारी रात्री तिन्ही विंगची चाचणी एकाच वेळी घ्या, प्रत्येक गच्चीवर दोन माणसं ठेवा, एकट्याला रात्री वर पाठवू नका. दीड आणि साडेचारची पातळी, तिन्ही गच्चीच्या टाक्यांची आणि अंडरग्राउंड टाकीची आतली मापं मीटरमध्ये, आणि पंपाच्या पाटीचा फोटो एवढं मला पाठवा. मग कुठल्या विंगपासून हात घालायचा ते नेमकं सांगतो.